कॉलेज बास्केटबॉलचा पहिला मार्च: रात्री ओरडायचं कसं, सकाळी भांडायचं कसं

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी बारानंतर आमची लॅब अचानक रिकामी झाली. मी ऑगस्टमध्ये अमेरिकेत आलेलो, नवखा. वाटलं, आगीची कवायत असेल. खाली कॉमन रूममध्ये गेलो तर गाइडसकट सगळे टीव्हीसमोर बसलेले. खेळणाऱ्या दोन्ही कॉलेजांशी आमचा काडीचा संबंध नव्हता. घड्याळ संपता संपता चेंडू जाळीतून खाली पडला आणि एरवी मान हलवण्यापलीकडे ओळख न दाखवणारा पोस्टडॉक माझ्या गळ्यातच पडला. मी त्याला विचारलं, "जिंकलं कोण?" हा प्रश्न लोकांनी मला पुढचे तीन आठवडे ऐकवला.

तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख. बास्केटबॉलचे नियम यात फारसे नाहीत, ते दोन मॅच बघून कळतात. आपला संघ जिंकला की काय करायचं आणि दुसऱ्या दिवशी "कोण भारी" या वादात कसं उतरायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. दुसरं काम जास्त अवघड आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

पायरी १: आराखडा डोक्यात बसवा

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हटल्यावर जिमखान्याचं मैदान, वडापावची पाकिटं आणि टाळ्या वाजवणारे पन्नास मित्र डोळ्यासमोर येत असतील, तर ते चित्र पुसून टाका. इथले शेवटचे सामने फुटबॉलच्या बंदिस्त स्टेडियममध्ये होतात आणि साठ-सत्तर हजार माणसं बसतात.

राष्ट्रीय स्पर्धा एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची संघटना, भरवते. पुरुषांची पहिली स्पर्धा १९३९ साली झाली. तेव्हा आठच संघ होते आणि ऑरेगन जिंकलं. आता ६८ संघ असतात. काही आपापल्या कॉन्फरन्सची, म्हणजे गटाची, स्पर्धा जिंकून थेट येतात आणि बाकीचे निवड समिती घेते. यादी एका रविवारी जाहीर होते, तो 'सिलेक्शन संडे'. आत येतील की बाहेर राहतील अशा काठावरच्या संघांना 'बबलवर' आहेत म्हणतात. त्या रविवारी त्यांच्या चाहत्यांचे चेहरे दहावीच्या निकालाची वाट बघणाऱ्या आईबापांसारखे असतात.

आधी ओहायोतल्या डेटनला चार सामने होऊन ६८चे ६४ होतात. मग चार विभागांत १ ते १६ असे मानांकित संघ, त्यांना 'सीड' म्हणायचं. पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. हरलात की घरी. ना साखळी, ना नेट रन रेट, ना "उद्या पाऊस पडला तर एक गुण". ६४, ३२, मग 'स्वीट सिक्स्टीन', 'एलीट एट', 'फायनल फोर' आणि एका सोमवारी रात्री अंतिम सामना. पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांचे दोन भाग असतात, महिलांच्या सामन्यात दहा मिनिटांचे चार. महिलांची स्पर्धा त्याच दिवसांत चालते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणारा वादात अर्धा उघडा पडतो. का ते पुढे येईल.

पुण्या-नाशिकला आईबाबांना बघायचं असेल तर: २०२५चा पुरुषांचा अंतिम सामना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री ८.५० ला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची पहाट, ६.२०. पहिल्या चहाला अगदी सोयीचं.

पायरी २: संघ धरा

तुमचं कॉलेज स्पर्धेत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर एखादा संघ दत्तक घ्या, त्यात कमीपणा नाही. अर्धा देश तेच करतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा.

एक, 'ब्लू ब्लड' म्हणजे घराणेदार संघ पहिल्याच दिवशी उचलू नका. केंटकी, कॅन्सस, नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, यूसीएलए ही ती घराणी. यूसीएलएनं जॉन वुडन यांच्या हाताखाली १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा अजिंक्यपद मिळवलं. असा संघ धरलात की तुमचे विजय कोणाला कौतुकाचे वाटत नाहीत आणि पराभव मात्र सगळ्यांचा सण होतो. ड्यूकच्या बाबतीत तर विचारूच नका. १९९२ साली ख्रिश्चन लेटनरनं शेवटच्या क्षणी बास्केट करून केंटकीला १०४-१०३ असं हरवलं. त्या सामन्यात त्यानं चालू खेळातले दहापैकी दहा फटके आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे बिनअडथळ्याचे फटके, तेही दहापैकी दहा टाकले. केंटकीत आजही त्याचं नाव काढून बघा. नाही, नकाच काढू.

दुसरं, जवळचा छोटा संघ बघा. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना जर्सी सिटीचा न्यूआर्क अव्हेन्यू माहीत असतो. भाजी, पूजेचं सामान, मिठाई घ्यायला तिथंच जायचं. तिथून जवळच सेंट पीटर्स युनिव्हर्सिटी आहे. तिच्या संघाचं नाव 'पीकॉक्स', म्हणजे चक्क मोर. २०२२ साली पंधरावं मानांकन घेऊन आलेल्या या मोरांनी पहिल्याच सामन्यात केंटकीला ओव्हरटाइममध्ये ८५-७९ नं लोळवलं, पुढे मरे स्टेट आणि पर्ड्यूला घरी पाठवलं आणि एलीट एटपर्यंत धडक मारली. पंधरावं मानांकन असलेला संघ तोवर कधीच तिथं पोहोचला नव्हता. नॉर्थ कॅरोलायनानं त्यांना सपाटून हरवलं, पण त्याचं कोणाला काय! अशा संघाला इथं 'सिंड्रेला' म्हणतात.

पायरी ३: ब्रॅकेट भरा, पण जीव लावू नका

स्पर्धा सुरू होण्याआधी ६३ सामन्यांचे निकाल आधीच लिहून ठेवायचे, हा ब्रॅकेट. ऑफिसात, लॅबमध्ये, चर्चमध्ये, सगळीकडे भरतात. सगळे निकाल बरोबर येण्याची शक्यता, प्रत्येक सामना नाणेफेक मानली तर, ९२ परार्धांत एक. शाळेत एकं-दहं-शतं पाठ करताना परार्धाचा उपयोग काय असं वाटायचं, तो हा. तेव्हा बरोबर येणारच नाही हे गृहीत धरून भरा.

ढोबळ ठोकताळे पुरतात. पहिलं मानांकन सोळाव्याकडून हरणं दुर्मीळ: १९८५ ते २०२५ या काळातल्या १६० सामन्यांत दोनदाच घडलं. २०१८ मध्ये व्हर्जिनियाला यूएमबीसीनं ७४-५४ असं धुतलं आणि २०२३ मध्ये पर्ड्यूला फेअरली डिकिन्सननं हरवलं. व्हर्जिनियाची गंमत अशी की पुढच्याच वर्षी ते अजिंक्य ठरले. बारावं विरुद्ध पाचवं या सामन्यात मात्र साधारण तिनात एकदा उलथापालथ होते, म्हणून चार विभागांत मिळून एखादा बारावा पुढे काढा आणि "मला आतून वाटत होतं" असं सांगायला मोकळे व्हा.

पाच डॉलरची वर्गणी काढून होणारी गंमत वेगळी आणि फोनवरच्या ॲपमधली पैज वेगळी. दुसऱ्या प्रकारात स्टायपेंड घातलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ४: सामना बघताना काय टिपायचं

नवखा माणूस चेंडूकडे बघतो. तिथंच दुसऱ्या दिवशीचा वाद हरतो. चेंडूबरोबर तीन गोष्टींवर लक्ष ठेवा: कोण कोणाला गार्ड करतंय, कोणाचे फाउल वाढलेत (पाच झाले की बाहेर), आणि मुख्य खेळाडू बाकावर बसला की फळ्यावरचा फरक वाढतो की कमी होतो. कागद-पेन्सिल नको. नुसतं ध्यानात ठेवा.

शेवटच्या दोन मिनिटांना वीस मिनिटं लागतात. मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, समोरच्याला फ्री थ्रो देतो आणि घड्याळ थांबवतो. पहिल्यांदा बघताना हा रडीचा डाव वाटतो. तो डावच आहे, रडीचा नाही. लांबच्या रेषेबाहेरून टाकलेल्या बास्केटचे तीन पॉइंट, तो 'थ्री'. सहा पॉइंटांचा फरक म्हणजे दोनच थ्री, असा हिशेब करायची सवय लावा.

२०२५चा अंतिम सामना याचा उत्तम नमुना आहे. सॅन अँटोनियोत फ्लोरिडा विरुद्ध ह्यूस्टन. उत्तरार्धात फ्लोरिडा बारा पॉइंटांनी मागे होतं. हळूहळू अंतर भरून काढत त्यांनी शेवटच्या मिनिटात आघाडी घेतली आणि ६५-६३ अशा अवस्थेत शेवटचा चेंडू ह्यूस्टनकडे आला. इमॅन्युएल शार्प थ्री मारायला उडाला, समोरून फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन झेपावला. हवेत असलेल्या शार्पला कळलं की आता मारला तर अडवला जाणार. त्यानं चेंडू खाली सोडून दिला. पण स्वतः सोडलेला चेंडू स्वतःच उचलला तर नियमभंग! तो चेंडूपाशी नुसता उभा राहिला, बाकीचे झेपावले, आणि घड्याळ संपलं. ह्यूस्टनला शेवटचा फटका मारताच आला नाही.

हा क्षण लक्षात ठेवा, सहाव्या पायरीत लागेल.

पायरी ५: जिंकलो! आता?

पहिली दोन मिनिटं काही विचार करायचा नाही. शेजारी कोण आहे ते न बघता मिठी मारायची. याला मोठी परंपरा आहे. १९८३ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेटनं शेवटच्या सेकंदाला ह्यूस्टनला ५४-५२ नं हरवलं, तेव्हा त्यांचे कोच जिम व्हॅल्व्हानो मिठी मारायला माणूस शोधत मैदानभर सैरावैरा धावत होते.

मग टीव्ही बंद करू नका. शिडी येते. खेळाडू एकेक करून वर चढतात, कात्रीनं जाळीचा एकेक धागा कापतात आणि उरलेली जाळी शेवटी कोच काढून गळ्यात घालतात. ही पद्धत कॉलेजच्या खेळात एव्हरेट केस या कोचनी १९४७ मध्ये रुजवली. इंडियानातल्या शाळांमधून त्यांनी ती सोबत आणली होती. आपल्याकडे दहीहंडीच्या फुटक्या खापराचा तुकडा घरी नेतात ना, भावना तीच.

त्यानंतर रस्ता. प्रत्येक गावाचा चौक ठरलेला असतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलमध्ये फ्रँकलिन स्ट्रीट. ऑबर्नमध्ये टूमर्स कॉर्नर, तिथं झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकतात आणि सकाळी झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसतात. ड्यूकमध्ये बाकं जाळून होळी करतात. केंटकीच्या लेक्सिंग्टनला सोफे जाळल्याचीही उदाहरणं आहेत. गणपती विसर्जनाला अलका चौकात उभं राहिलेल्याला गर्दीची भीती वाटणार नाही, पण फरक लक्षात घ्या. ढोल नाहीत, पथकं नाहीत, रांग नाही. गर्दीला दिशाच नसते.

व्हिसावर आलेल्यांसाठी माझे नियम सोपे आहेत. खांबावर चढायचं नाही. पेटलेल्या वस्तूच्या जवळ उभं राहून सेल्फी काढायचा नाही. एकवीस पूर्ण नसतील तर हातात ग्लास नको, दुसऱ्याचा धरायलासुद्धा नको. २०२३ मध्ये युकॉन, म्हणजे कनेटिकट विद्यापीठ, जिंकल्यावर स्टोर्सच्या आवारात दिव्यांचे खांब पाडले गेले आणि विद्यापीठानं विद्यार्थ्यांवर कारवाई केली. तिथल्या मुलाचं सत्र बुडतं, आपलं सगळंच. कडेनं चाला, भरपूर ओरडा, फोनची बॅटरी राखून ठेवा आणि सोबत आलेल्यांची संख्या मोजून परत या.

आणि हो, पाडवा. ही स्पर्धा हमखास गुढीपाडव्याच्या आगेमागे येते. २०२५ मध्ये तर पाडवा ३० मार्चला, एलीट एटच्या ऐन रविवारी होता. महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये भावगीत चालू असताना मागच्या रांगेतून "येस्स!" असा आवाज येतो आणि निवेदिका दचकते. त्या रांगेतच बसा.

पायरी ६: दुसऱ्या दिवशीची तुलना

सकाळी घसा बसलेला असतो आणि वाद मात्र ताजा. "क्लेटन फ्लॅगपेक्षा भारी." "ईडीला कोणीच अडवू शकत नव्हतं." "क्लार्कसारखी झालीच नाही." यातल्या प्रत्येक वाक्यावर तासभर भांडता येतं, आणि बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. म्हणून आपलं मत देण्याआधी विचारा: कशात भारी? या एका सामन्यात, या तीन आठवड्यांत, पूर्ण मोसमात, कॉलेजच्या सगळ्या कारकिर्दीत, की पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये? हे पाच वेगळे प्रश्न आहेत. एवढं विचारलंत तरी समोरचा क्षणभर गप्प होतो.

२०२५चंच घ्या. ड्यूकचा कूपर फ्लॅग मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही पहिल्या वर्षाला असताना. पुढे एनबीएनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पण उपांत्य सामन्यात ह्यूस्टननं ड्यूकला ७०-६७ नं हरवलं. फ्लॅगनं २७ पॉइंट केले, तरी शेवटी आघाडी मिळवून देणारा त्याचा फटका आत गेला नाही. इकडे क्लेटननं एलीट एटमध्ये ३० आणि उपांत्य सामन्यात ३४ केले, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. मोसम विचारलात तर फ्लॅग, तीन आठवडे विचारलेत तर क्लेटन. भांडण कुठे राहिलं? राहतंच, पण निदान एका विषयावर होतं.

आता ती शेवटची झेप आठवा. अंतिम सामन्यात क्लेटननं पूर्वार्धात एकही पॉइंट केला नव्हता. सगळे अकरा उत्तरार्धात. विल रिचर्डनं १८ केले होते. फक्त पॉइंट मोजणारा म्हणेल, रिचर्ड भारी. पण क्लेटनकडे ह्यूस्टनचे दोन-दोन खेळाडू धावत होते, त्यामुळे बाकीच्यांना मोकळी जागा मिळत होती. आणि सामना संपवणारी ती झेप तक्त्यात कुठेच दिसत नाही, कारण फटका मारलाच गेला नाही. न झालेल्या फटक्याची नोंद कोण ठेवणार?

त्याउलट उदाहरण २०२४चं आहे, आणि माझ्या मते नवख्यानं अभ्यासावं असं हेच. पर्ड्यूचा झॅक ईडी, सात फूट चार इंच, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम. अंतिम सामना युकॉनविरुद्ध. ईडीनं ३७ पॉइंट आणि १० रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू, मिळवले. हे आकडे बघून वाटेल, पर्ड्यू जिंकलं असणार. निकाल: युकॉन ७५, पर्ड्यू ६०. सदतीस वजा केले की बाकी सगळ्या पर्ड्यूचे मिळून तेवीस!

कसं झालं? मोसमभर पर्ड्यूचा डाव असा असायचा: ईडीला घेरायला दोघं धावले की बाहेर मोकळ्या राहिलेल्या नेमबाजाकडे चेंडू जायचा, आणि हे नेमबाज थ्रीमध्ये देशात वरच्या फळीतले होते. युकॉनचे कोच डॅन हर्ली यांनी ईडीला घेरायचंच नाही असं ठरवलं. डोनोवन क्लिंगन आणि त्याचा बदली खेळाडू एकटेच त्याच्याशी झुंजणार, बाकीचे आपापला नेमबाज सोडणार नाहीत. पर्ड्यूनं अख्ख्या सामन्यात सात थ्री मारले आणि एकच आत गेला. गल्ली क्रिकेटमधली जुनी युक्ती: त्यांचा एक फलंदाज आऊट होत नाही ना, त्याला करू दे शतक, समोरच्या टोकाचे दहा काढा.

मग ईडी भारी की क्लिंगन? पॉइंट म्हणतात ईडी. निकाल म्हणतो युकॉनचा डाव. त्या वर्षी एनबीएनं क्लिंगनला सातव्या आणि ईडीला नवव्या क्रमांकावर घेतलं, म्हणजे तिसराच तराजू. आमच्याकडचा नाशिकचा एक मित्र या मुद्द्यावर अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याचं म्हणणं, ३७ केलेल्या माणसाला हरलेला म्हणता येत नाही. मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही, पण त्याला हे सांगू नका.

आकड्यांची हत्यारं थोडक्यात. एका सामन्याचे सरासरी पॉइंट म्हणजे फलंदाजाची नुसती सरासरी. किती फटके मारून ते आले, हा त्याचा स्ट्राइक रेट. बावीस फटक्यांत चोवीस पॉइंट करणाऱ्यापेक्षा दहा फटक्यांत अठरा करणारा संघाला परवडतो. मग वेग. काही संघ भरभर खेळतात, काही संथ. २०१९च्या व्हर्जिनियासारख्या संथ संघात चेंडू हातात येण्याची पाळीच कमी येते, त्यामुळे तिथले पंधरा पॉइंट दुसरीकडच्या वीसच्या तोडीचे असू शकतात. म्हणून जाणकार शंभर पाळ्यांमागे किती, असा हिशेब करतात. केन पॉमरॉय या हवामानतज्ज्ञानं सुरू केलेली अशी क्रमवारी 'केनपॉम' म्हणून ओळखली जाते. वादात "केनपॉमवर बघितलंस का?" एवढं म्हटलं तरी वजन पडतं. बघितलेलं असावं मात्र.

आता सगळ्यात जुना आणि सगळ्यात निसरडा प्रकार: दोन काळांतल्या खेळाडूंची तुलना. गावसकर की तेंडुलकर यावर ज्यांच्या घरी जेवणं थंड झाली त्यांना हे सांगायला नको. ३ मार्च २०२४ रोजी आयोवाच्या केटलिन क्लार्कनं साठच्या दशकाअखेरीस एलएसयूकडून (लुईझियाना स्टेट) खेळलेल्या पीट मॅराविचचा कॉलेज कारकिर्दीतला ३,६६७ पॉइंटांचा विक्रम मोडला आणि कारकीर्द ३,९५१ वर संपवली. लगेच दोन तट पडले.

मॅराविचवाले म्हणतात: त्यानं हे ८३ सामन्यांत केलं, क्लार्कला १३९ लागले. त्याच्या काळात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नव्हतं, म्हणून तीनच मोसम मिळाले. थ्रीची रेषा नव्हती. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ती सरसकट १९८६-८७ मध्ये आली. तरीही सरासरी ४४.२. क्लार्कचे ५४८ थ्री होते. प्रत्येकी एक पॉइंट काढून टाका, ३,४०३ उरतात.

क्लार्कवाले म्हणतात: मॅराविच सामन्याला सरासरी ३८ फटके मारायचा, कोच त्याचे वडीलच होते, आणि त्याच्या काळात एलएसयू एकदाही या स्पर्धेत पोहोचलं नाही. क्लार्कनं आयोवाला सलग दोनदा अंतिम सामन्यात नेलं. वर ११४४ असिस्ट, म्हणजे स्वतः न मारता दुसऱ्याला मारायला दिलेले.

दोन्ही बाजूंचे सगळे आकडे खरे आहेत. माझं मत: विक्रम क्लार्कचा, आणि ४४.२ ही सरासरी मात्र कुणाच्या हाती लागायची नाही. हे दोन्ही एका दमात म्हणता येतं, कुठलं तरी एक निवडा असा दम कोणी दिला तर चहा मागवावा.

क्लार्कच्या निमित्तानं एक काटा सांगून ठेवतो. ती दोन्ही अंतिम सामने हरली: २०२३ ला एलएसयूकडून १०२-८५, २०२४ ला साउथ कॅरोलायनाकडून ८७-७५. दोन्ही वेळा तिनं ३० पॉइंट केले. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या बाकावरून आलेल्या खेळाडूंनी ३७ पॉइंट केले, आयोवाच्या बाकानं शून्य. तिथं "क्लार्क कमी पडली" म्हणणाऱ्यानं तक्ता वाचलेलाच नसतो. तो सामना अमेरिकेत सुमारे १.९ कोटी लोकांनी पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त, आणि असं पहिल्यांदाच घडलं.

२०२३च्या सामन्यात शेवटी एलएसयूच्या एंजल रीसनं क्लार्कसमोर चेहऱ्यापुढे हात हलवून तिला डिवचलं. आधीच्या एका सामन्यात क्लार्कनं तसाच हावभाव केला तेव्हा लोक "काय जिगर!" म्हणाले होते. रीसनं केला तर तिला उद्धट ठरवलं गेलं. एक गोरी, एक काळी. खेळाडूंची तुलना करताना आपण खेळच तोलतोय ना, हे तपासायचं असेल तर ही जोडी समोर ठेवा. आणि "रीस आवडत नाही" असं कोणी म्हणालं तर शांतपणे विचारा, का?

पायरी ७: हरल्यावर

६८ पैकी ६७ संघ स्पर्धेत कधी ना कधी हरतात, म्हणजे याचीच सवय जास्त लागते. पंचांवर खापर फोडायला चोवीस तास मिळतात, त्यानंतर लोक कंटाळतात. जिंकलेल्या संघाच्या मित्राला रात्रीच मेसेज टाका. "चांगले खेळलात" एवढं पुरे, पुढे "पण" नको.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. जिंकल्याच्या भरात ऐंशी-शंभर डॉलरची, पाठीवर लाडक्या खेळाडूचं नाव असलेली जर्सी मागवली जाते. थांबा. स्पर्धेच्या सुमारास 'पोर्टल' उघडतं, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलण्याची खिडकी. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसेही घेता येतात, त्यामुळे ये-जा बरीच वाढली आहे. फ्लोरिडाचा तो क्लेटनसुद्धा आधी दोन वर्षं न्यूयॉर्कजवळच्या आयोना नावाच्या छोट्या कॉलेजात होता. तिथं त्याच्या नावाचे सदरे घेतलेल्यांनी पुढे ते घरात घालायला काढले असतील. माझ्याकडे असे दोन आहेत. एक पुसायला वापरतो. तुम्ही नाव नसलेला घ्या.